‘अंडी तळ’ म्हणालो, ‘अंडी ओढ’ झालं : बांटू भाषांतले ऱ्हस्व-दीर्घ आणि लघु-गुरू

कंपालाकर

मंडळी, युगांडाच्या राजधानीत, कंपालात, येऊन सात वर्षं झाली. लुगांडा ही इथली भाषा, आफ्रिकेच्या दक्षिण भागात पसरलेल्या बांटू भाषाकुळातली. ती बाजारहाटापुरती येते असा माझा समज होता. तो परवा वांडेगेयाच्या चौकात एका रोलेक्सवाल्या पोरानं मोडून काढला.

रोलेक्स म्हणजे घड्याळ नव्हे. इथं कांदा, टोमॅटो, कोबी घालून अंड्याची पोळी करतात, ती चपातीवर टाकतात, गुंडाळी करून कागदात बांधून देतात. ‘रोल्ड एग्ज’ तोंडात घोळून घोळून रोलेक्स झालं. चपाती हिंदुस्थानातून आलेली, नावासकट. तर मी ऐटीत म्हणालो, “न्सिकिरा आमागि आबिरि.” म्हणायचं होतं, मला दोन अंडी तळून दे. पोरगं उलथनं हवेत धरून थांबलं. त्यानं शेजारच्या बोडाबोडावाल्याकडे, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं, आणि दोघं जे फुटले ते फुटलेच.

झालं असं की लुगांडात ‘तळणे’ला इकार लांब लागतो. आखूड केला की ‘ओढणे’. म्हणजे मी त्याला दोन अंडी ओढायला सांगत होतो. बोडावाल्यानं त्यात भर घातली. ‘ओमुसिका’ म्हणजे वारस, तेव्हा मुझुंगूला अंड्यांमध्ये वारस हवाय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. (मुझुंगू म्हणजे गोरा. मी कुठून गोरा, पण ते असो.)

घरी येऊन वही काढली. आधी लिहिण्याची सोय सांगतो. देवनागरीत इ-ई, उ-ऊ आहेत, पण आखूड ओ आणि लांब ओ वेगळे दाखवायला काही नाही, आणि आपला अ-आ तर लांबीनंच नाही, उच्चारानंही वेगळा. म्हणून खाली सगळे स्वर आखूड समजा. जिथं ऽ दिसेल तिथंच लांब. शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार बघून शुद्धलेखनवाल्यांनी दचकू नये.

ओकुसिका ओढणे, ओकुसिऽका तळणे. ओकुसिमा खणणे, ओकुसिऽमा पसंत पडणे, कौतुक करणे. ओकुकोला काम करणे, ओकुकोऽला खुरपणी करणे. शेवटच्या जोडीवर आमच्या ऑफिसातला माळी खूश आहे, कारण मी त्याला रोज सकाळी ‘काय खुरपतोस?’ विचारतो आणि तो खरंच खुरपत असतो.

व्यंजनांचंही तेच. ओकुगुला विकत घेणे, ओकुग्गुला उघडणे. ओकुता सोडून देणे, ओकुत्ता ठार मारणे. इथं जीभ अर्धा क्षण जास्त अडली तर प्रकरण पोलिसांत जायचं.

लांब स्वर रोमन लिपीत दोनदा लिहितात. १९४७ साली लेखनाचे नियम ठरले ते अजून चालतात. पण गंमत पुढं आहे. काही ठिकाणी स्वर लांब असतो आणि लिहितात मात्र एकदाच, कारण तिथं तो लांब असणारच हे सगळ्यांना ठाऊक. एक जागा म्हणजे जोडून आलेल्या य-व नंतर : लिहितात ओम्वाना (मूल), म्हणतात ओम्वाऽना. दुसरी जागा म्हणजे अनुनासिक अधिक व्यंजन यांच्या अगोदर : लिहितात ओमुन्तु (माणूस), म्हणतात ओमुऽन्तु. लुगांडा बोलणाऱ्यांच्या इथल्या जुन्या राज्याचं नावच बुगाऽन्डा. युगांडा हे त्याचं स्वाहिली रूप.

ही दुसरी जागा वाचून मला शाळेतला फळा आठवला. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा. हे खरंच तेच आहे, की मला सगळीकडे मराठीच दिसते?

ठोंब्या

पहिला! वाचनखूण साठवली आहे. कोबी आधी परतायचा का?

लघुगुरू

कंपालाकर, धागा उत्तम. तीस वर्षं मराठी शिकवली, पण कुणी अंड्यावरून वृत्तांकडे आलेलं पाहिलं नव्हतं.

एक बारीक फरक दाखवतो. ‘मंद’ शब्दात म वरचा अ लांब होत नाही. तो आखूडच राहतो. पण म्हणताना ‘मन्’ एवढा तुकडा एका दमात येतो, आणि तो ‘म’ पेक्षा जड भरतो. म्हणून गुरू. स्वर दीर्घ असणं वेगळं आणि अक्षर गुरू असणं वेगळं. तुमच्या लुगांडात स्वर प्रत्यक्ष ताणला जातो, की नुसता जड मोजला जातो?

आणि सगळी जोडाक्षरं काही आधीच्याला गुरू करत नाहीत. ‘तुम्ही’मधला तु लघूच. ‘कुऱ्हाड’मधला कु लघूच. म्ह, ऱ्ह, न्ह, ल्ह यांना आपण एकाच व्यंजनासारखं उचलतो, आधीच्या अक्षरावर रेलत नाही.

कंपालाकर

मास्तर, प्रत्यक्ष ताणला जातो. ध्वनिमुद्रणावर मोजून पाहिलेलं आहे. लुगांडात ‘न्त’च्या आधीचा स्वर जवळजवळ मुळातल्या लांब स्वराएवढा भरतो. मात्र सगळ्या बांटू भाषांत इतका नाही. टांझानियातल्या सुकुमात तो मधेच कुठंतरी लटकतो, आखडापेक्षा लांब आणि लांबापेक्षा आखूड.

तुमचा ‘म्ह’चा मुद्दा मात्र नेमका इथंच लागतो. बांटूत ‘न्त’ हे तुमच्या ‘म्ह’सारखं एकच व्यंजन धरतात, पुढच्या अक्षराच्या तोंडाशी चिकटलेलं. ओ-मु-न्तु असे तुकडे पडतात, ओ-मुन्-तु असे नाहीत. मग तुमच्या हिशेबानं ‘मु’ लघू राहायला हवा होता. तो लांब का होतो? यावर भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की त्या न् ची स्वतःची एक मात्रा होती. न् उठून पुढच्या अक्षरात जाऊन बसला, पण मात्रा बरोबर नेली नाही. मागं राहिलेली ती मात्रा शेजारच्या उकारानं उचलली.

ओम्वाऽना तसंच. मूळ मु अधिक आना. उचा व् झाला, व्यंजनाला मात्रा नसते, मग उची मात्रा पुढच्या आ ला मिळाली. डोळा म्हणजे एरिऽसो, डोळे आमाऽसो. लि अधिक इसो, मा अधिक इसो. दोन स्वर भिडले, एकच राहिला, पण दोघांची जागा अडवून.

आणि माझं आवडतं अंडं. अनेकवचन आमागि. एकवचन काय असावं? एग्गि. ग दुप्पट. एकवचनाच्या उपसर्गातला स्वर झिजला आणि त्याची मात्रा पुढच्या ग वर पडली. एकदा हे डोक्यात बसलं की व्याकरणाचं पुस्तक जमाखर्चाच्या वहीसारखं दिसायला लागतं. एका रकान्यातून गेलं की दुसऱ्या रकान्यात शोधायचं.

जुनं_पान

हा जमाखर्च आपल्या घरातही झालेला आहे, फक्त शेकडो वर्षांपूर्वी.

हस्त, प्राकृतात हत्थ, मराठीत हात. सप्त, सत्त, सात. अद्य, अज्ज, आज. कर्म, कम्म, काम. जोडाक्षरातलं एक व्यंजन गेलं आणि आधीचा अ ताणून आ झाला. अनुनासिकाचं तर कंपालाकरांच्या ओमुऽन्तुसारखंच : दंत, दांत, दात. पंच, पाच. कंटक, काटा. पंजाबीनं ही देवघेव केलीच नाही. तिकडं अजून हत्थ आणि सत्तच आहे. पंजाबी माणूस ‘हत्थ’ म्हणतो आणि आपण ‘हात’ म्हणतो तेव्हा वजन दोघांचं सारखं, फक्त त्यानं ते व्यंजनावर ठेवलंय आणि आपण स्वरावर.

प्राकृतात आणखी एक शिस्त होती. एका अक्षरात दोनच मात्रा, तिसरी नाही. संस्कृतातल्या मार्ग, कार्य, रात्रि यांत आधीच आ आणि वर जोडाक्षर. प्राकृतानं आ कापला : मग्ग, कज्ज, रत्ति. पुढं मराठीनं दुप्पट व्यंजन सोडलं आणि आ परत आणला : माग, काज, रात. एवढी उठाठेव करून पुन्हा मूळ मुक्कामी.

लुगांडात दुप्पट व्यंजनाच्या आधी लांब स्वर चालतो का?

कंपालाकर

नाही चालत! दुप्पट व्यंजनाच्या आधी स्वर कायम आखूड. आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून ऑफिसात मोठ्यानं “अरे!” म्हणालो, दोन टेबलं वळून बघायला लागली.

दर्यावर्दी

दार-एस-सलामहून बोलतोय. तुमच्या जमाखर्चात एक मोठी बुडीत रक्कम आहे, तिचं नाव स्वाहिली.

स्वाहिलीही बांटूच. मूळ बांटूत लांब-आखूड भेद होता असं सगळे अभ्यासक धरतात. स्वाहिलीनं तो टाकला, उच्च-नीच सूरही टाकले, आणि त्यांच्या जागी एकच आघात ठेवला, उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर. ओम्वाऽनाचं इकडं नुसतं म्वाना. ती ताणलेली मात्रा कुठल्या रकान्यात गेली ते दाखवा.

आता कुणीतरी म्हणेल की कुफा म्हणजे मरणे आणि कुफाआ म्हणजे उपयोगी पडणे, कुपा देणे आणि कुपाआ वर चढणे, मग हा लांब स्वर नाही का? नाही. ती दोन अक्षरं आहेत. ‘कुफा’त आघात कु वर, ‘कुफाआ’त फा वर. आघात सरकला म्हणजे अक्षर वाढलं. आणि हे जोडस्वर पुष्कळदा जुन्या लांबीतून आलेलेच नाहीत. मधला ल गळाल्यानं आलेत. भुकेला लुगांडात एन्जाला, मलावीच्या चिचेवात न्जाला, स्वाहिलीत न्जाआ. जन्म देणे लुगांडात ओकुझाऽला, स्वाहिलीत कुझाआ. म्हणजे जुना लांब आ आखूड झाला, वर ल गळाला, आणि दोन आखूड आ शेजारी येऊन बसले. कानाला सारखंच लागतं, पण घर पाडून त्याच जागी नवं बांधलंय.

इथल्या कवींचं मोजणंही हेच सांगतं. शाइरी नावाच्या पद्यप्रकारात चार ओळींचं कडवं, ओळीला १६ मिझानी, मधे आठवर यती. उतेंझीत ओळीला आठ. मिझानी म्हणजे अक्षर. जड-हलकं कुणी बघत नाही. ‘कुफाआ’च्या तीन मिझानी. तुमच्या भाषेत सांगायचं तर हे अक्षरछंद आहेत, मात्रावृत्त नाहीत.

एक कबुली देतो, कारण ती तुमच्या बाजूची आहे. माणूस म्हणजे ‘म्तु’. जुन्या मु मधला उ गळाला, पण म् नं त्याची जागा सोडली नाही. तो एकटाच पूर्ण अक्षर आहे, आघातही त्याच्यावरच : म्-तु, दोन मिझानी. ‘म्ब्वा’ (कुत्रा), ‘न्ची’ (देश) यांतही अनुनासिक स्वतंत्र अक्षर. ‘न्देगे’त (पक्षी, विमान) मात्र नाही, तिथं दोन अक्षरं आधीच भरलेली आहेत.

ठोंब्या

म्हणजे आम्ही लहानपणी ‘म्हैस’ला ‘म्-हैस’ म्हणायचो ते स्वाहिली होतं तर. बाईंनी उगाच उठाबशा काढायला लावल्या.

मृद्गंधा_के

मला यातलं निम्मं कळलं, पण वाचतेय. एक अवांतर प्रश्न. आम्ही शाळेत च ची भाषा बोलायचो. ‘मला’चं ‘चलाम’, ‘राम’चं ‘चामर’. तिकडच्या मुलांची अशी काही भाषा आहे का? आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाचं काय होतं?

कंपालाकर

ताई, हे अवांतर नाहीच, हा तर हुकमी एक्का आहे. दर्यावर्दींना त्यातच उत्तर देतो.

इथल्या मुलांची एक भाषा आहे, लुदिक्या. शब्दातली अक्षरं उलट्या क्रमानं म्हणायची. हात म्हणजे मुकोनो, त्याचं नोकोमु. इथवर सोपं. आता ‘मुलं’ घ्या : बाऽना. उलटं केल्यावर काय यायला हवं? बाऽ हे अक्षर आणि ना हे अक्षर, म्हणजे ‘नाबाऽ’. पण पोरं तसं म्हणत नाहीत. ती म्हणतात ‘नाऽबा’. अक्षरं जागा बदलतात आणि लांबी होती तिथंच राहते, पहिल्या घरात. जे अक्षर त्या घरात येईल ते ताणायचं.

मी कालच हे तपासलं. शेजारची नऊ वर्षांची मुलगी कुंपणावर बसलेली असते. तिला म्हटलं, बाऽना उलट कर. तिनं ‘नाऽबा’ म्हटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की यात विचारण्यासारखं काय आहे. मी मुद्दाम ‘नाबाऽ’ म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली आणि मला हळूहळू, बोटांनी कुंपणावर ठोके देत शिकवलं : दोन ठोके नाऽ, एक ठोका बा. व्याकरण तिला कुणी शिकवलेलं नाही. मात्रा तिच्या बोटात आहे.

तुमच्या ‘चामर’मध्येही तेच बघा. र उचलून मागं टाकला, पण त्याचा आ पहिल्या घरातच राहिला आणि च नं तो धरला. ‘चमरा’ कुणी म्हणत नाही.

लघुगुरू

वा! हे उदाहरण मी वर्गात सांगितलं असतं तर निम्मी मुलं वृत्तं विसरली नसती.

कसाब_खेड्यातला

लघुगुरू सरांबद्दल आदर आहे, पण या ‘मात्रा’ प्रकरणात आम्हाला शाळेत नुसता मार बसला. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचे अर्थ वेगळे म्हणून पाठ करून घेतले. बोलताना कोण फरक करतो? मी तर दोन्हींना सारखंच म्हणतो. शिर आणि शीर, सुत आणि सूत, सगळं तसंच. लुगांडावाल्यांना निदान अंडं तरी मिळतं. आपण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं कुणाचे गुण कापतो?

डर्बनची_वाट

खेड्यातले दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते दक्षिण आफ्रिकेत आहे. पाच वर्षं डर्बनला काढली, झुलू थोडी शिकले.

झुलूत लुगांडासारख्या ओढ-तळ जोड्या नाहीत. शब्दात मुळात लांब स्वर नसतो म्हटलं तरी चालेल. पण कान देऊन ऐकलं तर झुलू माणूस दर वाक्यात एक स्वर चांगला ताणतो. कुठला? बोलण्याचा तुकडा जिथं संपतो तिथला उपान्त्य. “मला दिसतंय” : न्गियाबोऽना. “मला माणूस दिसतोय” : न्गिबोना उमुऽन्तु. बघा, ‘बो’ आखूड झाला, कारण आता तो शेवटून दुसरा राहिला नाही. ताण पुढच्या शब्दात गेला.

मलावीच्या चिचेवातलं एक वाक्य भाषाशास्त्राच्या वर्गात हमखास येतं. “त्यानं दगडानं घराला मारलं” : आनामेन्या न्युम्बा न्दि म्वाऽला. एकच ताण, शेवटी. आता विचारा, दगडानं कशाला मारलं? उत्तर : आनामेन्या न्युऽम्बा न्दि म्वाऽला. घरावर भर आला, तिथं तुकडा तुटला, आणि न्युम्बाचा उकारही ताणला गेला. म्हणजे इथली लांबी शब्दाचा अर्थ नाही सांगत. तुकडा कुठं संपला ते सांगते.

लांबी दोन जातींची. एक शब्दानं घरून आणलेली, लुगांडाची. दुसरी बसायच्या जागेमुळे मिळालेली, झुलूची. सहसा ज्या बांटू भाषांनी पहिली गमावली त्यांच्यातच दुसरी दिसते. मराठीचा इकार-उकार बघा. मूल, मुलाला. पूर, पुरात. तीळ, तिळाची. फूल, फुलं. शेवटून दुसरा होता तेव्हा दीर्घ, पुढं प्रत्यय लागला की ऱ्हस्व. ही तर झुलूची जात! अर्थ बदलत नाही, जागा बदलते. आपण मात्र शाळेत ती लुगांडाची जात असल्यासारखी शिकवतो, दिन-दीनच्या जोड्या लावून. म्हणून मार बसतो.

कसाब_खेड्यातला

हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर हाताचे वळ वाचले असते. +१.

लघुगुरू

डर्बनच्या ताईंना माझी अर्धी सहमती. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम आणि १९७२ची भर, दोन्ही मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. अंत्य इकार-उकार दीर्घ, अकारान्त शब्दाचा उपान्त्य दीर्घ. हे नियम जागेचे आहेत, शब्दाचे नाहीत, हे तुमचं म्हणणं बरोबर. अपवाद बहुतेक तत्सम शब्दांचे, आणि मुलं अडखळतात ती तिथंच.

पण झुलूशी तुलना एका ठिकाणी अडते. झुलूत ताण वाक्याच्या तुकड्याला लागतो, मराठीत एकेका शब्दाला. ‘मूल आलं’ म्हणताना मू आखूड होत नाही. शिवाय ‘मूल’मध्ये लेखी उपान्त्य आहे, उच्चारात ते एकच अक्षर, मूल्. शेवटचा अ आपण खातो. म्हणजे हीसुद्धा जुनं_पान यांच्या खात्यातली गोष्ट असू शकेल : अ गेला, आणि मागचा स्वर त्याच्या वाटची जागा घेऊन बसला. ताणाचं कारण झुलूचं, हिशेब लुगांडाचा.

डर्बनची_वाट

मान्य. ‘खाल्लेला अ’ माझ्या लक्षात आला नव्हता.

आणखी एक सांगते, मग पोळ्या करायला जाते. झुलूला एका अक्षराचा सुटा शब्द सहन होत नाही. ‘खा’चा धातू आहे ‘ड्ला’. नेहमी आज्ञेला नुसता धातू पुरतो, पण ‘ड्ला!’ कुणी म्हणत नाही. पुढं ‘यि’ची टेकू लावतात : यिड्ला! झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत इद्या. स्वाहिलीत धातू ‘ला’, आज्ञा ‘कुला!’ उपसर्गाचा कु तसाच ठेवतात. हा कु काही करत नाही, फक्त वजन भरतो. दर्यावर्दी, तुमचं म्-ब्वा आणि न्-ची यातूनच आलं ना?

दर्यावर्दी

अगदी. शब्द दोन अक्षरांचा हवा म्हणून अनुनासिकालाच अक्षर केलं. ‘कुला’ शिकताना मी आमच्या बाईंना विचारलं होतं की इथं कु कशाला? त्या म्हणाल्या, “नाहीतर हाक ऐकू कशी जाणार?”

लघुगुरू

मराठीत तर अशा आज्ञा भरपूर : खा, जा, ये, घे, दे, पी, धू. पण नीट पाहा, एकही ऱ्हस्व नाही. मी, तू, ही, तो. एका अक्षराचा सुटा शब्द आपल्याला चालतो, पण तो गुरू हवा. ऱ्हस्व एकाक्षरी म्हणजे ‘व’, ‘न’, ‘नि’, ‘च’, आणि ते सगळे कुणाच्या तरी आधारानं उभे राहतात. झुलू अक्षरं मोजते, मराठी मात्रा मोजते. दोघींना दोनच हवेत.

(हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं. निवृत्त झाल्यावर सुचून काय उपयोग.)

जुनं_पान

सुटं पान एक, पण राहवत नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावर बरावा म्हणून बंदर आहे. तिथली बोली चिम्विऽनी, स्वाहिलीची जवळची नातेवाईक, पण लांब स्वर असलेली. तिथं लांब स्वर कुठंही राहू शकत नाही. शेवटून दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरातच राहतो, आणि दुसऱ्या घरात असला तर तिसऱ्यात नाही. शब्दाला शेपूट जोडलं की आधीचा लांब स्वर मागं पडून आखूड होतो. लॅटिन शिकलेल्यांना हे घर ओळखीचं वाटेल : उपान्त्य जड असेल तर आघात त्याच्यावर, नाहीतर त्याच्या आधीच्यावर. हिंदी महासागराच्या काठावरची एक बोली आणि रोम, मधे काही देणंघेणं नाही. १९९१च्या यादवीनंतर बरावाचे पुष्कळ लोक देशोधडीला लागले. आता ही बोली मोम्बासात आणि विलायत-अमेरिकेतल्या घरांत ऐकू येते.

डग्गा

इतके दिवस नुसता वाचत होतो. मी तबला वाजवतो, भाषेतलं कळत नाही. मात्रा मात्रा चाललंय म्हणून विचारतो, तिकडच्या गाण्यात ही मात्रा ठोक्याला लागते का? की आपल्या ओवीसारखं, गळा नेईल तिकडं अक्षर ताणायचं?

कंपालाकर

डग्गासाहेब, लागते, आणि अगदी चोख.

इथं आमादिन्डा म्हणून वाद्य आहे. लाकडाच्या १२ पट्ट्या, केळीच्या खांबांवर आडव्या ठेवलेल्या. तिघं वाजवतात. दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागी ठोका मारतात, आणि तिसरा टोकाच्या दोन पट्ट्यांवर. एकट्याचा भाग ऐकला तर त्यात गाणं सापडत नाही. दोघांचे ठोके एकमेकांत गुंतले की एक न थांबणारी धार होते. जुन्या दरबारी गाण्यांचे शब्द या धारेवर कसे बसतात याचा अभ्यास झालाय : आखूड स्वराला एक ठोका, लांब स्वराला दोन. ओमुऽन्तुतल्या न लिहिलेल्या लांबीलाही दोनच. लिहिणाऱ्यानं सोडलं तरी वाजवणारा सोडत नाही.

मागच्या रविवारी एका कार्यक्रमात ऐकलं. बोटांवर मोजायचा प्रयत्न केला, तिसऱ्या ओळीला हरलो. त्यांचा वेग तुमच्या द्रुतापेक्षा कमी नाही.

डग्गा

रिकाम्या जागी ठोका मारणं अवघड काम आहे. शेजाऱ्याचा हात बघितला की हुकतो. ध्वनिफीत असेल तर टाका.

मृद्गंधा_के

आणि ते अंड्याचं पुढं काय झालं? परत गेलात का?

कंपालाकर

गेलो ना, काल. तालीम करून गेलो. “न्सिऽकिरा आमागि आबिरि.” इकार इतका ताणला की मागचा बोडावाला ‘सिऽऽऽ’ करून मला साथ द्यायला लागला. पोरगं हसलं, पण त्यानं अंडी फोडली. मग कागदात बांधताना म्हणालं की लांबी बरोबर होती, सूर चुकला.

सुरांवर वेगळा धागा काढतो. ठोंब्या, कोबी परतत नाहीत, कच्चाच अंड्यात फेटतात.